दह्याच्या टिकल्या पुन्हा पुन्हा चिकट होतात? पंपाच्या आधी चक्का तपासा

घरी फ्रीज ड्रायर, म्हणजे पदार्थ गोठवून सुकवणारं मशीन आलं आणि घरात लहान मूल असलं की पहिला घाणा बहुतेक दह्याच्या टिकल्यांचाच, तोंडात विरघळणाऱ्या सुक्या दह्याच्या छोट्या ठिपक्यांचाच निघतो. तो छान होतो. पुढचाही होतो. मग एखादा घाणा मधे चिवट निघतो, त्यानंतरचा ट्रेवरच्या कागदाला चिकटून बसतो आणि त्याच्या पुढचा पुन्हा कुरकुरीत. "कृती तीच, मशीन तेच, मग हे मधेच काय होतं?" असं विचारणाऱ्या बहुतेकांनी तोवर पंपाचं तेल बदललेलं असतं, दाराचं गास्केट (हवा अडवणारी रबरी पट्टी) पुसलेलं असतं, कुणी तर विक्रेत्याशी भांडूनही झालेलं असतं.

मशीन बिघडत नाही असं नाही. पण दर दोन-चार घाण्यांनी डोकं वर काढणारा चिकटपणा बहुतेक वेळा दह्यात राहिलेल्या पाण्यातून आणि आपण वरून घातलेल्या गोडातून येतो. कृती तीच असली तरी दही दर वेळी तेच नसतं. मे महिन्यातलं दही आणि डिसेंबरातलं दही, हापूसचा रस आणि स्ट्रॉबेरीचा गर, यांत मशीनच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे.

आणि हा प्रश्न चवीपुरता नाही. मोठ्या माणसाला चिवट टिकली मिळाली तर तो तोंड वाकडं करेल आणि चावून खाईल. दाढा न आलेल्या मुलाच्या घशात तीच टिकली अडकू शकते. म्हणून प्रत्येक घाण्याची परीक्षा आधी स्वतःच्या तोंडात घ्यायची: टिकली जिभेवर ठेवायची आणि दात न लावता टाळूवर दाबायची. काही सेकंदांत तिचं पुन्हा दही झालं पाहिजे. गोळा उरला, ताणली गेली, टाळूला चिकटली, तर तो घाणा मुलाला द्यायचा नाही. परीक्षेसाठी ट्रेच्या मधली, त्यातल्या त्यात जाड टिकली उचला. कडेच्या नेहमीच पास होतात. चांगली झालेली टिकलीसुद्धा मूल सरळ बसलेलं असताना, आपण समोर असतानाच द्यायची. गाडीत मागच्या सीटवर पुडी हातात देऊन मोकळं व्हायचं, असा हा खाऊ नाही.

चिकटपणा नेमका कधी आला?

हे एकदा ठरवलं की निम्मं काम होतं. ट्रे बाहेर काढतानाच टिकल्या खाली दबून बसलेल्या, आक्रसलेल्या, चकचकीत दिसत असतील तर दोष चक्क्यात, गोडात किंवा गोठवण्यात आहे. बाहेरून कोरड्या पण मोडल्यावर आत गार, ओला गर लागला तर वेळ किंवा जाडी चुकली. काढताना कुरकुरीत होत्या आणि पुड्या भरेपर्यंत मऊ पडल्या, तर हवा दमट आहे. आठवडाभराने डब्यात मऊ पडल्या, तर डबा.

पहिला प्रकार सगळ्यात जास्त दिसतो आणि सगळ्यात जास्त दिशाभूल करतो, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

ट्रेवरच बसलेल्या टिकल्या

मशीन काय करतं ते थोडक्यात. दही गोठवतं, मग आतला हवेचा दाब इतका उतरवतं की बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते. त्यासाठी दाब ६.१ मिलिबारच्या खाली जावा लागतो. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला १०१३ मिलिबारच्या आसपास असतो. घरगुती मशीन चांगल्या स्थितीत असेल तर १ मिलिबारच्याही खाली उतरतं. बर्फ जिथून निघून जातो तिथे बारीक पोकळ्या राहतात. टिकली तोंडात विरघळते ती या पोकळ्यांमुळे.

पोकळ्यांच्या भिंती दह्यातली प्रथिनं, स्निग्धांश आणि साखरा यांच्या असतात आणि घोटाळा साखरा करतात. दही गोठताना पाण्याचा बर्फ होतो, साखर त्या बर्फात जात नाही. ती उरलेल्या थोडक्या पाण्यात दाट होत जाते आणि पुरेशी थंडी मिळाली तरच घट्ट, न हलणारी होते. दुधातल्या लॅक्टोजला त्यासाठी उणे २८ अंश सेल्सियसच्या आसपास जावं लागतं, आपल्या नेहमीच्या साखरेला उणे ३२ च्या, तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजला उणे ४० च्याही खाली. घरच्या डीप फ्रीजरचा काटा उणे १८ वर थांबतो. म्हणजे वरून खडखडीत दगड झालेल्या टिकलीतही गोड भाग अजून दाट पाकच असतो. अशा टिकलीवर व्हॅक्यूम लावला की भिंती वाहतात, पोकळ्या मिटतात आणि हातात येतो चिवट गोळा. कधी तर मिश्रण फसफसून वर येतं, ट्रेवर शिंतोडे दिसतात.

सुकून झाल्यावरही साखरांचा स्वभाव सुटत नाही. कोरडी लॅक्टोज १०० अंशांपर्यंत कडक राहते, नेहमीची साखर ६० ते ६५ पर्यंत, ग्लुकोज ३० च्या आसपास आणि फ्रुक्टोज जेमतेम ५ अंशांपर्यंत. त्यात थोडी ओल शिरली की हे आकडे आणखी खाली येतात. पावसाळ्यात चिक्की हाताला का लागते ते ज्याला माहीत आहे त्याला याहून जास्त समजवायला नको.

आता यातून एक गंमत निघते. "साखर नको, पौष्टिक काहीतरी" म्हणून लोक खजुराचा गर, मध किंवा पिकलेला चिकू घालतात. या तिन्हीत ग्लुकोज-फ्रुक्टोज भरपूर. म्हणजे साखरेने जेवढं बिघडलं असतं त्याहून जास्त यांनी बिघडतं. मधाचं तर वेगळंच: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि फ्रीज ड्रायिंगने ते मरत नाहीत. दोन वर्षांच्या आत वरून घातलेली साखर, गूळ काहीच नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. इथे मुलाचं हित आणि टिकलीचं हित एकाच बाजूला आहे. गोड घालूच नका.

राहिला चक्का. साध्या दह्यात पाणी असतं तेवढाच प्रश्न नाही. त्या पाण्यात लॅक्टोज आणि लॅक्टिक आम्ल विरघळलेलं असतं. हे आम्ल सुकल्यावर नीट कडक होत नाही, ओल धरून ठेवतं. आंबट निवळीची, म्हणजे दह्यातून निथळलेल्या पाण्याची पूड करणं डेअरीवाल्यांना अवघड जातं ते याच कारणाने. दही जितकं आंबट तितकं आम्ल जास्त, आणि उन्हाळ्यात चार-पाच तासांत दही आंबतं हे आपण सगळेच जाणतो. हिवाळ्यात जमलेली कृती मे महिन्यात फसते, ती इथे.

म्हणून दही नुकतं लागलेलं, गोडसर असतानाच फ्रीजमध्ये टाका आणि चक्का फ्रीजमध्येच टांगा. फडकं उकळून घ्या, दूध उकळलेलंच वापरा. थंडीने आणि व्हॅक्यूमने जंतू मरत नाहीत, ते नुसते झोपतात. फडकं टांगायला जागा नसेल तर पातेल्यावर गाळणी, गाळणीत फडकं, वरून ताटली आणि ताटलीवर थोडं वजन. रात्रभर, दहा-बारा तास तरी. श्रीखंडाला लागतो त्याहून थोडा कोरडा चक्का इथे हवा.

झाला का ते कसं ओळखायचं? बटर पेपरवर चमचाभर चक्का ठेवा आणि दहा मिनिटं तिकडे बघू नका. परत आल्यावर गोळ्याभोवती पाण्याची फिकट हिरवट कड फुटली असेल, कागद त्या कडेला लहरला असेल, तर अजून टांगायचा. कड नसेल आणि चमच्याने ओढलेली रेघ तशीच उभी राहत असेल तर झाला. ही चाचणी फुकट आहे आणि पुढचे चोवीस तास मशीन फुकट चालण्यापासून वाचवते.

चक्का आंबट झालाच असेल तर श्रीखंडवाल्यांची युक्ती वापरा: उकळून गार केलेलं पाणी त्यात मिसळायचं आणि पुन्हा टांगायचं. आंबटपणाबरोबर लॅक्टोजही थोडी निघून जाते. उरलेलं दह्याचं पाणी थालीपिठाच्या पिठात घाला, कढीत घाला, मशीनमध्ये मात्र नको.

घट्टपणासाठी मिल्क पावडर घालायचा मोह टाळा. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत निम्मी लॅक्टोज असते. म्हणजे गाळून बाहेर काढलेली गोष्ट आपण पुडीतून परत आत घालतो. विकतचं घट्ट दही घेणार असाल तर वेष्टनावर बघा. "मिल्क सॉलिड्स" (दुधातले पाणी सोडून उरलेले घटक, बहुधा पावडरच) वाढवून घट्ट केलेलं दही आणि पाणी गाळून घट्ट केलेलं दही चमच्यात सारखं दिसतं, ट्रेवर नाही.

फळ घालायचंच तर मी चार भाग चक्क्याला एक भाग गर याच्या पुढे जात नाही. स्ट्रॉबेरी बरी, तिच्यात साखर कमी. महाबळेश्वर-पाचगणीची आवक असते तेव्हा, हिवाळ्यात, हे घाणे उरकून घ्यावेत. वाफवलेला लाल भोपळा किंवा गाजर त्याहून सोपं, शिवाय रंग सुरेख येतो. आंबा हवाच असतो, कोण ऐकतंय, पण डब्यातल्या रसात बहुधा साखर घातलेली असते, तो घेऊ नका. ताज्या रसाच्या घाण्यात मी तांदळाच्या पिठीची घट्ट पेज मिसळते: वाटीभर मिश्रणाला चमचा-दीड चमचा पिठी, थोड्या पाण्यात नीट शिजवून, गार करून, लगेच वापरून. पिठूळ पदार्थ सुकल्यावर भिंतींना आधार देतात आणि फळाच्या साखरेला आवरतात. केळं चिमूटभर चालतं. चिकूच्या नादी लागू नका.

मग गोठवणं. ट्रे डीप फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवले म्हणून मशीनचा गोठवण्याचा टप्पा वगळू नका. मशीन उणे ३० च्या खाली जात असेल तर व्हॅक्यूम सुरू करण्याआधी ट्रे त्या थंडीत काही तास राहू द्या. ट्रे गरम करण्याचं तापमानही बघा. बऱ्याच घरगुती मशीनमध्ये ते ५० अंशांच्या आसपास ठरवलेलं असतं. दह्याला ३५ ते ४० वर आणा. वेळ वाढेल, पण टिकल्या बसणार नाहीत.

बाहेरून कोरड्या, आत ओल्या

हे सोपं. पाइपिंग बॅगने घालताना टिकली रुंदीला दीड सेंटिमीटरच्या आत आणि उंचीला ८ मिलिमीटरच्या आत ठेवा, आणि सगळ्या सारख्या. घाई झाली की शेवटच्या ओळी नेहमी मोठ्या पडतात आणि त्याच कच्च्या राहतात. लहान आकार मुलाच्या तोंडालाही बरा.

झालं की नाही ते मशीनच्या घंटीवर सोडू नका. ट्रे काट्यावर ठेवा, वजन लिहा, मशीन आणखी दोन तास सुकवण्यावर चालवा, पुन्हा वजन करा. ग्रॅमभरही उतरलं नाही तर झालं. उतरलं तर अजून दोन तास. जास्त सुकवून टिकली बिघडत नाही, त्यामुळे शंका आली की वेळ वाढवायचा.

पुड्या भरेपर्यंत मऊ

जुलैत मुंबई-कोकणात हवेची आर्द्रता ८० ते ९० टक्के असते. एवढ्या पोकळ्या असलेला कोरडा पदार्थ तिथे उघडा ठेवला की पंधरा मिनिटांतही फरक कळतो. पहाटे चक्र संपलं आणि आपण सकाळचे डबे, शाळा, आंघोळी उरकून ट्रे काढले, तर टिकल्यांनी तोवर मशीनमध्येच दमटपणा ओढलेला असतो. संपण्याची वेळ आपल्या सोयीची येईल अशा बेताने मशीन सुरू करावं.

टिकल्या गार असताना दार उघडणं हे आणखी वाईट. त्या दिवसांत मुंबईच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ पाणी होऊन धरू लागते ते तापमान, २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून गार वस्तूवर पाणी धरणारच. ट्रे शेवटी कोमट, ३५ अंशांच्या आसपास असताना व्हॅक्यूम सोडा. एसीची खोली असेल तर ती आधी अर्धा तास चालू करून, दार लावून, तिथेच भरा. पुड्या आधी उघडून, ओळीने मांडून ठेवायच्या. एक ट्रे काढायचा, भरायचा, बंद करायचा, मगच दुसरा. सगळे ट्रे ओट्यावर मांडून फोटो काढायची हौस हिवाळ्यात पुरी करावी.

डब्यात मऊ

स्टीलचा डबा हवाबंद नसतो, झाकण कितीही घट्ट बसो. साध्या प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीतूनही ओल हळूहळू आत जाते. ॲल्युमिनियमचा थर असलेली पुडी घेऊन इस्त्रीने किंवा सीलरने बंद करा, किंवा घट्ट झाकणाची काचेची बरणी. पुड्या लहान, एका दिवसात संपतील एवढ्या. मोठी बरणी दिवसातून चार वेळा उघडली की चौथ्या दिवशी तक्रार ठरलेली. सिलिका जेलची पुडी टाकत असाल तर ती मोठ्या साठ्यात टाका, मुलाच्या हातात जाणाऱ्या पुडीत नाही.

म्हशीच्या दुधाच्या सायीसकट लावलेल्या दह्याच्या टिकल्या कधी कधी चिकट नसून तेलकट असतात, आणि महिन्याभराने त्यांना खवट वास येतो. स्निग्धांश सुकत नाही, तो तसाच राहतो. थोडा हवाच, त्याने टिकली भुगा होत नाही, पण वरची साय काढून घ्या.

मशीनचा संशय घ्यावा केव्हा

मशीन रिकामं आणि कोरडं असताना चालवून बघा. रिकामं असतानाही दाब नेहमीइतका उतरत नसेल तर गास्केटवर दह्याचा कण, केस, चीर शोधा. मग पंपाचं तेल. दुधाळ दिसणाऱ्या तेलात पाणी शिरलेलं असतं, ते काढून गाळा किंवा बदला. रिकामं मशीन व्यवस्थित दाब धरतं आणि तरी घाणे फसतात, तर मशीनला सोडा आणि वर जाऊन चक्क्याचा भाग पुन्हा वाचा. एक अपवाद: एका वेळी ट्रे गच्च भरले तर मशीनच्या आतल्या थंड भांड्यावर, जिथे टिकल्यांतून निघालेली वाफ पुन्हा गोठते, बर्फाचा जाड थर साचतो आणि शेवटचे तास काम मंदावतं. थोडं कमी भरून बघा.

मशीन नाही त्यांच्यासाठी: ओव्हन, डिहायड्रेटर, ऊन, यांतून टिकली कोरडी होते पण पोकळ राहत नाही, तोंडात विरघळत नाही. लहान मुलांसाठी तो पर्याय धरू नका. त्यापेक्षा वाटीत दही द्या.

हे विकायचा विचार असेल तर अन्न परवाना लागतोच, पण दोन वर्षांच्या आतल्या बाळांचा आहार म्हणून काही विकताना १९९२ चा शिशुआहाराचा कायदा आणि २००३ ची त्याची दुरुस्ती आधी वाचा. अशा आहाराची जाहिरात करायलाच त्यात बंदी आहे. "सहा महिन्यांपासून" असं वेष्टनावर आणि इन्स्टाग्रामवर सहज लिहून टाकणारे पुष्कळ दिसतात. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी "दूध आहे" हे मात्र ठळक लिहायलाच हवं.

फसलेल्या घाण्याचं काय करायचं

नुसती ओल धरलेली टिकली, म्हणजे आकार तसाच, फक्त कुरकुरीतपणा गेलेला, त्याच दिवशी परत ट्रेवर पसरून दोन-चार तास मशीनमध्ये सुकवली की सुधारते. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका. बसलेली, आक्रसलेली, चकचकीत टिकली सुधारत नाही. पोकळ्या एकदा मिटल्या की परत उघडत नाहीत, कितीही सुकवा. ती कोमट पाण्यात भिजवून घुसळली की मोठ्यांच्या ताकात किंवा कणकेत खपते. आतून ओली राहून रात्रभर बाहेर पडलेली असेल तर तीही नाही, सरळ टाकून द्या.